रानटी भुईमुगाची खूण

खरिपाचा भुईमूग पेरून दोन-अडीच महिने झाले, की एखाद्या सकाळी शेतात जा आणि झाडाचे एक पान उलटे करून पहा. पानाच्या खालच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढे नारिंगी-तपकिरी फोड दिसले आणि बोट फिरवल्यावर विटेच्या भुकटीसारखी पूड लागली, तर शेतात तांबेरा शिरला असे समजावे. त्याच पानावर काळपट गोल ठिपके असतील तर तो टिक्का. हे दोन्ही रोग बुरशीमुळे होतात आणि पुष्कळदा हातात हात घालून येतात. रोगट पाने वाळतात, गळतात. ज्या पानांनी अन्न तयार करायचे तीच गेली, की जमिनीखालच्या शेंगा पोचट राहतात. दोन्ही रोग जोरात आले तर निम्म्याहून अधिक पीक हातचे जाऊ शकते. फवारणीने रोग आवरता येतो. पण औषधाचा आणि मजुरीचा खर्च लहान शेतकऱ्याला परवडतोच असे नाही.

अशा वेळी शेजारच्या वाफ्यात दुसऱ्या एखाद्या वाणाची झाडे मात्र हिरवीगार उभी असतात. कर्नाटकातील धारवाडच्या कृषिविज्ञान विद्यापीठाने तयार केलेला ‘जीपीबीडी ४’ हा असाच एक वाण. त्याच्यावर तांबेऱ्याचे फारसे चालत नाही. ही ताकद त्याला कोठून मिळाली? दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशातल्या एका रानटी वनस्पतीकडून!

हे कोणी पाहिले, असा प्रश्न तुम्हाला पडेल. जीपीबीडी ४ चे झाड कितीही न्याहाळले तरी त्यात रानटी असे काही दिसत नाही. मग शास्त्रज्ञ हे इतक्या खात्रीने कसे सांगतात? त्याचे उत्तर पानाच्या पेशीतील डीएनएवर असलेल्या खुणांमध्ये आहे. या खुणांना शास्त्रीय परिभाषेत ‘डीएनए-चिन्हके’ म्हणतात. त्यांची ओळख आज करून घेऊ.

भुईमूग हाच मुळात संकर

दोन वेगळ्या जातींच्या किंवा वाणांच्या मीलनातून जन्मलेल्या संततीला आपण संकर म्हणतो. आपण खातो तो भुईमूग हाच मुळी दोन रानटी जातींचा संकर आहे. त्याच्या रानटी नातेवाईकांपैकी बहुतेकांच्या पेशीत २० गुणसूत्रे असतात, तर भुईमुगाच्या पेशीत ४०. यांपैकी २० गुणसूत्रे ‘अराकिस ड्युरानेन्सिस’ या जातीकडून आली आणि २० ‘अराकिस इपाएन्सिस’ या जातीकडून. पहिल्या संचाला ‘अ’ संच आणि दुसऱ्याला ‘ब’ संच म्हणू. डीएनएच्या तुलनेवरून हा संकर सुमारे नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी झाला असावा, असा अंदाज २०१६ मध्ये मांडण्यात आला.

आईबाप कोण, हेसुद्धा डीएनएनेच सांगितले. भुईमुगाच्या हरितलवकात जो डीएनए असतो तो केवळ आईकडून येतो. हा डीएनए ड्युरानेन्सिसशी जुळतो. म्हणजे ती आई आणि इपाएन्सिस हा बाप.

या जन्मकथेत भुईमुगाचे एक दुर्दैव लपलेले आहे. असा यशस्वी संकर क्वचितच घडला; बहुधा एकदाच. त्या मोजक्या झाडांच्या वंशजांतून जगभरचे भुईमूग निर्माण झाले. शिवाय गुणसूत्रे ४० झाल्यामुळे २० गुणसूत्रांच्या रानटी भाऊबंदांशी त्यांचे लग्न जमेना. १९९१ मध्ये अमेरिकेतील गॅरी कोचर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या भुईमुगांचा डीएनए ताडून पाहिला, तेव्हा लागवडीच्या वाणांमध्ये जवळजवळ फरकच आढळला नाही. रानटी जातींमध्ये मात्र फरकांची रेलचेल होती. शेंगांचा आकार, दाण्याचा रंग, झाडाची ठेवण यांत वाणावाणांत कितीही विविधता दिसली, तरी आतून सारे एकाच मुशीतले! ज्या रोगाशी लढण्याचे जनुक या लहानशा कुळात नाही, त्या रोगापुढे सगळेच वाण दुबळे ठरणार. तेव्हा मदत मागायची ती रानातल्या नातेवाईकांकडे.

क्रमांक १००१७

ग्रेगरी, क्रापोविकास आणि पिएत्रारेली या तीन संशोधकांनी दक्षिण अमेरिकेत हिंडून रानटी भुईमुगांचे नमुने गोळा केले. त्यांच्या आद्याक्षरांवरून त्या नमुन्यांना ‘जीकेपी’ हे नाव आणि पुढे क्रमांक दिला गेला. बोलिव्हियातला असाच एक नमुना म्हणजे जीकेपी १००१७. या जातीचे रीतसर वर्णन आणि ‘अराकिस कार्देनासी’ हे नाव १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. बोलिव्हियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ मार्टिन कार्देनास यांच्या सन्मानार्थ ते दिलेले आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे झाड कवडीमोलाचे. पसरणाऱ्या फांद्या, चिमुकले दाणे, आणि शेंगेतील दोन दाण्यांच्या मध्ये दोऱ्यासारखा लांब भाग. पण तांबेरा आणि टिक्का या दोन्ही रोगांना ते दाद देत नव्हते.

१९६० च्या दशकात अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना येथे या झाडाचा भुईमुगाशी संकर करण्यात आला. आता जरा गणित करा. भुईमुगाच्या बीजांडात ४० च्या निम्मी म्हणजे २० गुणसूत्रे, तर रानटी झाडाच्या परागात २० च्या निम्मी म्हणजे १०. संकराच्या वाट्याला आली ३०. प्रजननपेशी तयार होताना गुणसूत्रांना आपापला जोडीदार लागतो. रानटी १० गुणसूत्रे भुईमुगाच्या ‘अ’ संचाशी जवळची असल्याने त्यांची जोडी जमू शकते. पण ‘ब’ संचातील १० गुणसूत्रे एकाकी उरतात. त्यामुळे सगळाच गोंधळ होतो आणि संकर वांझ निघतो.

यावर शास्त्रज्ञांनी कोल्चिसीन या रसायनाचा उपाय केला. आपल्याकडच्या कळलावीच्या कंदात असणारे विष ते हेच. कोल्चिसीनमुळे पेशीची विभागणी अर्धवट थांबते आणि गुणसूत्रांची संख्या दुप्पट होते. ३० ची ६० झाली, प्रत्येक गुणसूत्राला जोडीदार मिळाला आणि झाडाला बी धरू लागले. पुढच्या पिढ्यांत जादा गुणसूत्रे हळूहळू गळत गेली आणि काही झाडे पुन्हा ४० वर येऊन स्थिरावली. दिसायला भुईमूग, गुणसूत्रे भुईमुगाइतकीच. पण मधल्या पिढ्यांत ‘अ’ गुणसूत्रांची रानटी गुणसूत्रांशी गाठ पडून काही तुकड्यांची अदलाबदल झालेली. यांतील काही झाडांवर तांबेरा येत नव्हता.

या झाडांचे बियाणे पुढे अनेक देशांत गेले. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेतही ते आले. या संस्थेकडील ‘सीएस १६’ ही ओळ त्याच रानटी वंशातली. धारवाडच्या शास्त्रज्ञांनी ‘केआरजी १’ या वाणाचा तिच्याशी संकर केला आणि त्यांच्या संततीतून निवड करून जीपीबीडी ४ तयार केला.

डोळ्यांना न दिसणारा तुकडा

अशा झाडात रानटी तुकडे किती उरले आणि ते कोणत्या गुणसूत्रांवर बसले, हे कसे कळावे? गुणसूत्रे मोजून कळणार नाही, कारण संख्या ४० च आहे. सूक्ष्मदर्शकाखालीही एवढासा तुकडा ओळखू येत नाही. झाडाच्या रूपावरून तर मुळीच सांगता येत नाही. रोग येतो की नाही हे पहावे, तर रोगाची साथ यावी लागते. एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला आणि तांबेरा आलाच नाही, तर दुबळे झाडही हिरवेगार राहते आणि परीक्षा घेणारा फसतो.

जे रूपात दिसत नाही ते डीएनएमध्ये वाचता येते. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर. ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन ही ती चार अक्षरे. आपण त्यांना अ, थ, ग आणि स म्हणू. भुईमुगाच्या गुणसूत्रांच्या एका पूर्ण संचात अशी सुमारे अडीचशे कोटी अक्षरे आहेत. एवढा मजकूर प्रत्येक झाडासाठी वाचत बसण्याची गरज नसते. समजा, ज्ञानेश्वरीच्या दोन हस्तलिखित प्रती दोन वेगवेगळ्या लेखनिकांनी केल्या आहेत. कोणते पान कोणत्या प्रतीतले, हे ओळखायला सगळ्या ओव्या ताडून पाहाव्या लागत नाहीत. एका लेखनिकाची एखाद्या ठिकाणची ठराविक लकब सापडली, तरी काम भागते. डीएनए-चिन्हक म्हणजे अशीच एक लकब. ती रोग थांबवत नाही, शेंगा वाढवत नाही. ‘हा मजकूर अमक्याच्या प्रतीतला’ एवढेच ती सांगते.

खूण वाचायची कशी?

डीएनएमध्ये काही ठिकाणी दोन-तीन अक्षरांची पुनरुक्ती असते : गअ-गअ-गअ-गअ... ही पुनरुक्ती किती वेळा होते, हे वाणावाणांत आणि जातीजातींत वेगळे असते. समजा, एका विशिष्ट जागी भुईमुगात ‘गअ’ १२ वेळा येते आणि रानटी जातीत २० वेळा. मग त्या जागेचा तुकडा भुईमुगात आखूड आणि रानटी जातीत १६ अक्षरांनी लांब असेल. तुकड्याची लांबी मोजली की मालक कळला!

प्रयोगशाळेत हे काम चार टप्प्यांत होते.

पहिला टप्पा पानाचा. रोपाच्या कोवळ्या पानाचा छोटासा तुकडा घेऊन तो वाटतात आणि त्यातून डीएनए वेगळा काढतात. रोपाला याने काही इजा होत नाही.

दुसरा टप्पा नकला करण्याचा. हव्या त्या जागेच्या अलीकडे आणि पलीकडे नेमके चिकटणारे दोन लहान डीएनए-तुकडे त्यात घालतात. त्यांच्या मदतीने एक विकर त्या दोघांमधल्या मजकुराच्या नकला काढू लागते. मिश्रण आळीपाळीने तापवले आणि निववले, की प्रत्येक फेरीत नकलांची संख्या दुप्पट होते. ३० फेऱ्यांत एकाच्या किती होतात, ते २ चा ३० वा घात काढून पहा. उत्तर १०७ कोटींच्या पुढे जाते. ही युक्ती अमेरिकेतील कॅरी मलिस यांना १९८३ मध्ये सुचली आणि त्यासाठी १९९३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तिसरा टप्पा शर्यतीचा. खरवसासारख्या थलथलीत जेलच्या वडीत एका कडेला खाचा करून त्यांत हे नमुने भरतात आणि विद्युत्प्रवाह सोडतात. डीएनएवर ऋण भार असल्यामुळे तो धन ध्रुवाकडे सरकू लागतो. जेलच्या जाळीतून लहान तुकडे चपळाईने पुढे जातात, लांब तुकडे रेंगाळतात. दाट गर्दीच्या जत्रेत लहान मूल जसे माणसांतून वाट काढत पुढे निघून जाते, तसेच हे.

चौथा टप्पा वाचनाचा. डीएनएला चिकटणारे रंगद्रव्य वापरले, की ठराविक अंतरावर पट्टे दिसतात. आईचा पट्टा पुढे, बापाचा मागे. आणि खऱ्या संकरात? दोन्ही पट्टे एकाच रांगेत दिसतात, कारण त्याला एक प्रत आईकडून आणि दुसरी बापाकडून मिळालेली असते.

या शेवटच्या वाक्याचे महत्त्व भुईमुगाचा संकर करणाऱ्याला विचारा. भुईमुगाचे पिवळे फूल उमलते न उमलते तोच स्वतःच्याच परागाने फळते. म्हणून आदल्या संध्याकाळी कळी हळूच उघडून तिच्यातील पुंकेसर चिमट्याने काढावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग कुक्षीला लावावे लागतात. एखादा पुंकेसर चुकून राहिला, की झाले स्वपरागण! त्या फुलाची आरी जमिनीत शिरते, तिला शेंग लागते आणि आपण ‘संकराचे बी’ म्हणून जपून ठेवतो ते प्रत्यक्षात निव्वळ आईचेच बी असते. पूर्वी ही फसगत कळायला झाडे मोठी व्हावी लागत. आता दोन-चार पानांचे रोप असतानाच त्याचा डीएनए तपासता येतो. दोन पट्टे दिसले तर खरा संकर. फक्त आईचा पट्टा दिसला तर रोप बाजूला.

भुईमुगात एक गुंतागुंत मात्र आहे. ‘अ’ आणि ‘ब’ हे दोन्ही संच सारखे दिसत असल्याने एकाच चिन्हकाचे पट्टे कधीकधी दोन्ही संचांतून उमटतात. म्हणून वाचणाऱ्याने आईबापांचे नमुने शेजारच्या रांगांत ठेवून तुलना करणे अत्यावश्यक असते.

खूण आणि गुण यांची गाठ

१९९५ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी कार्देनासीच्या संकरातून आलेल्या ४६ ओळी चिन्हकांनी तपासल्या. त्यांनी वापरलेल्या गुणसूत्र-नकाशाच्या ११ विभागांपैकी १० विभागांत कोठे ना कोठे रानटी तुकडे आढळले. रानटी वारसा एकाच कोपऱ्यात नव्हता. वेगवेगळ्या ओळींत तो वेगवेगळ्या जागी विखुरला होता. मग प्रश्न आला, की यांतील कोणता तुकडा तांबेऱ्याशी लढतो?

हे शोधण्याची रीत सोपी पण चिकाटीची आहे. ‘टीएजी २४’ हा तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून आलेला वाण. नावातील पहिली दोन इंग्रजी अक्षरे ट्रॉम्बे आणि अकोला यांचीच आहेत. उत्पन्नाला चांगला, पण तांबेऱ्याला बळी पडणारा. त्याचा जीपीबीडी ४ शी संकर करून अडीचशेहून अधिक ओळी तयार करण्यात आल्या. प्रत्येक ओळीत दोन्ही आईबापांच्या गुणसूत्रांची वेगळी सरमिसळ होती. या सगळ्या ओळी शेतात रोगाला तोंड देत वाढवल्या आणि प्रत्येकीला रोगाच्या प्रमाणात गुण दिले. दुसरीकडे प्रयोगशाळेत प्रत्येकीची चिन्हके वाचली. मग दोन्ही तक्ते शेजारी ठेवले. बहुतेक चिन्हकांचा रोगाशी काही संबंध दिसला नाही. पण ‘आयपीएएचएम १०३’ हे चिन्हक ज्या ओळींत जीपीबीडी ४ चे होते, त्या निरोगी. ज्यांत टीएजी २४ चे होते, त्या बहुधा तांबेरलेल्या! २०१० मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तांबेऱ्याशी लढणारा रानटी तुकडा ‘अ’ संचाच्या तिसऱ्या गुणसूत्राच्या टोकाजवळ आहे, हे पुढे स्पष्ट झाले.

हवे तेवढे घ्या, बाकीचे सोडा

आता खूण हाती आली. तिचा उपयोग पहा. जळगावच्या संशोधन केंद्रातून आलेला ‘जेएल २४’ म्हणजेच ‘फुले प्रगती’ हा वाण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या चांगला ओळखीचा. लवकर तयार होणारा. पण तांबेऱ्यापुढे हतबल. त्याचे बाकी सारे गुण तसेच ठेवून फक्त तो तुकडा त्याच्यात आणायचा आहे.

यासाठी जेएल २४ चा जीपीबीडी ४ शी संकर करतात. या संकरात दात्याचा, म्हणजे जीपीबीडी ४ चा, वाटा निम्मा. या संकराचा पुन्हा जेएल २४ शी संकर केला, की दात्याचा वाटा सरासरीने चौथाई राहतो. तिसऱ्यांदा केला की आठवा हिस्सा, चौथ्यांदा केला की सोळावा. मूळ वाणाशी पुनःपुन्हा केलेल्या अशा संकराला पश्चसंकर म्हणतात. पाणी घालून ताक पातळ करत जावे, तसा दात्याचा वाटा पातळ होत जातो. धोका हा, की त्याबरोबर आपल्याला हवा असलेला तुकडाही निघून जाईल. प्रत्येक पिढीत तो निम्म्याच रोपांना मिळतो. कोणत्या निम्म्यांना, हे खूण सांगते. म्हणून प्रत्येक पिढीत रोपे लहान असतानाच पाने तपासायची, खूण असलेली रोपे ठेवायची, बाकीची काढून टाकायची. शेवटी स्वपरागण होऊ द्यायचे. त्यातून आलेल्या रोपांपैकी सरासरी चौथाई रोपांत त्या तुकड्याच्या दोन्ही प्रती असतात. अशा झाडांची संतती पुढे गुण गमावत नाही. एक प्रत की दोन, हेही पट्ट्यांवरूनच ओळखता येते.

इक्रिसॅटमधील राजीव वार्ष्णेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेएल २४, टीएजी २४ आणि आयसीजीव्ही ९१११४ या तीन वाणांत नेमके हेच केले आणि २०१४ मध्ये ते प्रसिद्ध केले. दोन-तीन पश्चसंकरांनंतर तांबेऱ्याला तोंड देणाऱ्या ओळी तिन्ही वाणांत मिळाल्या.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. या पद्धतीत प्रयोगशाळेतून झाडात कोणतेही जनुक घातले जात नाही. पराग कुक्षीवर ठेवण्याची रीत जुनीच आहे. डीएनएचा उपयोग होतो तो केवळ निवड करण्यासाठी.

खूणही फसवते

खूण आणि गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या केवळ शेजारी आहेत. प्रजननपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. ती नेमकी या दोघांच्या मधल्या जागी झाली, तर खूण राहते आणि गुण निघून जातो. समजा, असे १०० पैकी ५ वेळा घडते. मग एकाच खुणेवर विसंबून निवडलेल्या १०० रोपांत ५ फसवी असतील. पण जनुकाच्या दुसऱ्या बाजूलाही तितक्याच अंतरावर एक खूण शोधली आणि दोन्ही खुणा असलेलीच रोपे निवडली, तर फसगत होण्यासाठी दोन्हीकडे एकाच वेळी अदलाबदल व्हावी लागेल. ५ शतांश गुणिले ५ शतांश, म्हणजे ४०० मध्ये सुमारे एकदा. म्हणूनच जाणते पैदासकार जनुकाला दोन्ही बाजूंनी खुणांचा पहारा बसवतात आणि तरीही अखेरची परीक्षा शेतातच घेतात.

शिवाय तुकडा जितका मोठा, तितके त्याच्याबरोबर नको असलेले रानटी गुण येण्याचे भय अधिक. जवळच्या खुणांच्या मदतीने तो छाटून लहान करता येतो.

करून पहा

वर्गात हा खेळ खेळता येईल. प्रत्येकाने लाल कागदाची एक आणि पांढऱ्या कागदाची एक पट्टी घ्यावी आणि दोन्हींवर १ ते १० असे चौकोन आखावेत. लाल पट्टी दात्याची, पांढरी जेएल २४ ची. जनुक चौथ्या चौकोनात आहे असे धरा. १ ते ९ मधील एक चिठ्ठी काढा. आलेल्या क्रमांकाच्या चौकोनानंतर दोन्ही पट्ट्या कापा आणि शेपट्या अदलाबदल करून चिकटवा. मिळालेल्या दोन पट्ट्यांपैकी एक नाणेफेक करून निवडा. शिक्षकांना फक्त दुसरा चौकोन दाखवा आणि चौथ्याचा रंग ओळखायला सांगा. दर ९ पट्ट्यांमागे सरासरी दोनदा ते चुकतील. का, ते शोधा. आता दुसरा आणि सहावा असे दोन्ही चौकोन दाखवा. दोन्ही लाल असतील तर चौथा लालच असणार, हे तुमच्या लक्षात येईल. मात्र दोन्हींचे रंग वेगळे निघाले, तर अशी पट्टी बाजूला ठेवणे शहाणपणाचे.

हरवलेली वंशावळ

शेवटी पुन्हा त्या क्रमांक १००१७ कडे वळू. त्याच्या वंशजांचे बियाणे एका संशोधकाने दुसऱ्याला दिले, एका देशातून दुसऱ्या देशात गेले, इतर वाणांशी पुन्हा संकर झाले. कागदोपत्री नोंदी राहिल्या नाहीत किंवा अपुऱ्या राहिल्या. डेव्हिड बर्टिओली, सोराया लील-बर्टिओली आणि अनेक देशांतील त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएच्या खुणांवरून ही वंशावळ पुन्हा जुळवली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आफ्रिका, आशिया, ओशिआनिया आणि अमेरिका या सर्व खंडांतील रोगप्रतिकारक भुईमुगांत त्यांना या एका झाडाचे तुकडे आढळले. बोलिव्हियातले एकच झाड जगभरच्या शेतांना रोगापासून राखत होते आणि ते कोणाला ठाऊकही नव्हते!

या शोधाने एक अवघड प्रश्नही पुढे ठेवला. १९९२ च्या जैवविविधता करारानंतर प्रत्येक देशाचा आपल्या वनस्पतींवरील हक्क मान्य झाला. ज्या देशाच्या रानातून असे धन मिळाले त्यालाही लाभाचा वाटा मिळावा, हे न्याय्यच आहे. पण त्यानंतर निरनिराळ्या देशांनी केलेल्या नियमांमुळे बियाण्यांची देवघेव फार कमी झाली, असे या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. जीकेपी १००१७ सारखे झाड आज सापडले, तर त्याचे बी धारवाडपर्यंत पोचेल काय? देणाऱ्याचा हक्क राखूनही बी फिरते कसे ठेवायचे, याचे उत्तर प्रयोगशाळेतल्या जेलवर उमटत नाही. ते माणसांनी एकत्र बसूनच शोधावे लागेल.

पुढच्या वेळी भुईमुगाची शेंग फोडाल तेव्हा दाणे तोंडात टाकण्यापूर्वी क्षणभर थांबा. त्या दाण्यात दोन रानटी आजोबा-आजी तर आहेतच. कदाचित एखाद्या तिसऱ्या नातेवाइकाचाही एक लहानसा तुकडा असेल. तो डोळ्यांना दिसणार नाही, चवीला कळणार नाही. पण पाने लाल होण्याच्या दिवसांत तोच तुकडा झाड हिरवे ठेवून गेला असेल.